आतली कडी

९ ऑक्टोबर

मुंगे,

पोचलो. धडधाकट आहे, काळजी करू नकोस. वर तारीख घातली आहे ती बघितलीस का? कारखान्याच्या भिंतीवर रोज खडूने तारीख लिहितात, आणि ती वाचत उभं राहिलं म्हणून इथे कुणी कानाखाली वाजवत नाही. मी जाता-येता वाचतो.

काम बंदरावरच्या दोर वळण्याच्या कारखान्यात मिळालं. लांबच लांब पडवी आहे. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसतो. कमरेला तागाचा जुडगा गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाला अडकवायचं, आणि चाक फिरायला लागलं की बोटांतून ताग सोडत सोडत मागे सरकायचं. दिवसभर उलट्या पावलांनी चालायचं. तू हसशील, की दादा एवढा मोकळा झाला आणि चालतो मात्र मागे मागे. हस. पण इथला मुकादम आम्हाला 'ए' म्हणत नाही, 'अहो' म्हणतो. पहिल्या दिवशी मी मागे वळून बघितलं, की हे 'अहो' कोण उभे आहेत!

राहायला खोली आहे. माझ्या एकट्याची! खाली एका बाईंची खानावळ, वर माझी खोली, खोलीला खिडकी. मी त्यांना 'मालकीणबाई' अशी हाक मारली तर त्यांनी पळी आपटली. म्हणाल्या, "मी खोलीची मालकीण आहे, तुझी नाही. मावशी म्हण." तेव्हापासून मावशी. आणि या मावशींनी माझी अशी बडदास्त ठेवली आहे की रोज सकाळी स्वतः जिना चढून येतात आणि माझं दार उघडतात. आहेस कुठे!

कधी कधी जेवताना तुझी आठवण येते. म्हाताऱ्या मालकांना शेवटच्या दुखण्यात मी उचलून फिरवलं, म्हणून ते गेल्यावर त्या घरच्या रिवाजाप्रमाणे मला मोकळं केलं; माझ्या जागी तू असतीस, तर तुला सोडलं असतं. पण तू एवढीशी, आणि ते केवढे! रिवाजात एकच माणूस बसतो, दोन बसत नाहीत.

पत्र मुक्याच्या हाती देतोय. दर बुधवारी तो कोळसा आणि साबण घेऊन तुमच्याकडे येतोच. उत्तर त्याच्याकडेच दे. माणसांशी बोलत नाही म्हणून सगळे त्याला मुका म्हणतात, पण घोड्याशी तो अखंड बोलत असतो. आपलं गुपित घोड्याला कळेल, एवढंच.

दादा


मंगळवार असावा (काल चादरींना नीळ दिली, त्यावरून)

दादा,

पत्र मिळालं. अक्षर पाहून लाज वाटली, कारण धुण्याच्या दगडावर कोळशाने तुला अक्षरं शिकवली ती मीच. ताईसाहेब एकट्या अभ्यासाला बसेनात म्हणून मालकांनी मला आपल्या या लेकीच्या शेजारी बसवलं. ताईसाहेबांना अजून धड वाचता येत नाही, आणि मी इथे साबणाच्या कागदावर तुला पत्र लिहिते आहे. हे मालकांना कळलं तर माझं काय होईल ते तुला माहीतच आहे, म्हणून तुझं पत्र वाचून झाल्यावर स्वयंपाकघरातल्या आपल्या काकीने ते चुलीत घातलं. चुलीपुढे बसून ती म्हणाली, "पोराला सांग, पोटभर जेव. उभ्याने जेवू नको." तू उभ्याने जेवतोस का रे?

इकडे ताईसाहेबांच्या लग्नाची धांदल आहे. फेब्रुवारीत आहे म्हणतात. मला शिवणाच्या खोलीत बसवलं आहे, कारण माझी काजं बारीक येतात. सकाळी आत जाते, दुपारी घरातले सगळे झोपतात तेव्हा बाहेरून कडी लागते, ते उठले की उघडते. सोबतीला अभ्रे, चादरी आणि एक माशी. माशी खिडकीच्या जाळीतून जाते-येते. तिचा मला फार राग येतो.

तू खिडकी लिहिलीस, जिना लिहिलास, मावशींची पळीसुद्धा लिहिलीस. जे मला पहिल्यांदा विचारायचं होतं तेच राहिलं. तुझ्या दाराला आतून कडी आहे का?

आपल्या झोपायच्या खोलीच्या दाराला कडी-कोयंडा सगळं बाहेरून. आतल्या बाजूने मी कितीदा हात फिरवून पाहिला आहे. नुसतं लाकूड, इतक्या जणींचे हात फिरून गुळगुळीत झालेलं. आपण आत असावं, आपण कडी लावलेली असावी, आणि बाहेर जो कुणी असेल त्याने 'येऊ का' म्हणून विचारावं. मोकळं होणं म्हणजे मला एवढंच डोळ्यांसमोर येतं. जास्त काही मला येतच नाही. तुला हसू येईल. तू बंदर पाहिलं आहेस.

आणि एक सांग. त्या मावशी रोज सकाळी तुझं दार उघडतात ते कशाला? तुझ्या हाताला काही झालं आहे का?

तुझी मुंगी


२९ ऑक्टोबर

मुंगे,

आहे. आतून कडी आहे. लोखंडी, दोन बोटं जाड. झालं समाधान? माझे हात उत्तम आहेत. तागाने जरा सोलवटले आहेत, बाकी काही नाही.

मोकळं होणं म्हणजे कडी, हे तू काय घेऊन बसलीस! मोकळं होणं म्हणजे रविवारी धक्क्यावर जाऊन बसणं. तासभर बसलो तरी कुणी विचारत नाही की तू कुणाचा. मी वळलेला दोर एखाद्या जहाजावर चढताना दिसतो, आणि ते जहाज कुठे जाणार हे मला माहीत नसतं, तरी बरं वाटतं. मोकळं होणं म्हणजे पगाराच्या दिवशी आपल्या पसंतीची टोपी घेणं. मी घेतली. डोक्याला मोठी होते, कानांवर येते, पण पसंती माझी आहे.

काकीला सांग, बसून जेवतो. (सांगच. प्रत्यक्षात काय ते पुढे बघू.)

आता नीट वाच. लग्नात ताईसाहेबांबरोबर पाठवणीला कोण जाणार, हे घरात कुणी बोललं का? कान उघडे ठेव. तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस, पण मला सगळं आठवतं. मालकांच्या बहिणीच्या, आत्याबाईंच्या लग्नात आपली आई नवरीबरोबर कायमची पाठवणीला दिली. सकाळी दार उघडलं, आईला बाहेर बोलावलं, आणि दार परत लागलं. आपण दोघं आतच होतो. त्यानंतर आईचं काही कळलं नाही.

लवकर लिही.

दादा


इस्त्रीचा दिवस, म्हणजे शुक्रवार. थंडी आहे

दादा,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं म्हणणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलून मला पचत नाही.

परवा मालकीणबाई शिवणाच्या खोलीत आल्या. ताईसाहेबांचं रेशीम उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या काजांची तारीफ केली. मग जाड्याभरड्या कापडाचा तागा टाकला आणि म्हणाल्या, "यातून दोन जोड शिव. प्रवासात टिकतील असे." मी विचारलं, "माप कुणाचं?" तर म्हणाल्या, "तुझंच की."

झालं. एवढंच बोलणं झालं. दुसरं कुणी काही सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. आईलाही तसंच कळलं होतं, हे काकीने मला काल सांगितलं. तिलाही दोन जोड शिवायला सांगितले होते. तिने ते शिवले, आणि दोन्हींच्या आतल्या शिवणीत आपल्या दोघांच्या जुन्या अंगड्यांचा एकेक तुकडा घालून घेतला. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तुला माहीत होतं का?

ताईसाहेबांचं सासर बोटीने जायचं आहे, पार पलीकडे. तिथे मुका जात नाही. म्हणजे पत्रं संपली. ताईसाहेब खुशीत आहेत. मला म्हणाल्या, "बरं झालं गं, तू असलीस की मला परकं वाटणार नाही." त्या मनापासून बोलल्या. त्यांचा राग करायला गेले तर तोही नीट येईना.

मी मुद्दाम टाके हळू घालते आहे. पण दोन जोडांना किती उशीर लावणार? दादा, मला भीती वाटते. तिकडे काय असेल याची नाही, काम तर सगळीकडे कामच. मी कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नसेल, त्याची वाटते.

तुझी मुंगी


७ जानेवारी

मुंगे,

घाईत लिहितोय, मुका खाली थांबला आहे.

या गावच्या वेशीच्या आत जो आला त्याला कुणी ओढून नेऊ शकत नाही, हा इथला कायदा आहे. मी मुकादमांना विचारून खात्री केली. तेव्हा तू यायचं.

पुढच्या बुधवारी मुका नेहमीसारखा दुपारी येईल. घरातले झोपलेले असतील, तू शिवणाच्या खोलीत असशील. काकी बाहेरून कडी काढेल आणि स्वयंपाकघरात निघून जाईल, म्हणजे तिने काही पाहिलं नाही. मागच्या अंगणात गाडी उभी असेल. रिकाम्या पोत्यांखाली शिरायचं आणि गप्प पडून राहायचं. अंधार पडायच्या आत वेशीत पोचाल. मी तिथे उभा असेन.

काकीने होकार दिला आहे. मुक्याने तिला विचारलं, म्हणजे बघ, तो माणसांशी बोलला! तुला फक्त एकच करायचं आहे. बाहेर यायचं.

दादा


१४ जानेवारी

गाडी रिकामी आली.

कारखान्यात खोटं सांगून मी दुपारपासून वेशीत उभा होतो. गाडी दिसली तेव्हा धावत गेलो आणि पोती उपसली. सगळी उपसली, मुंगे. रस्त्यातली माणसं बघत होती. मुका नुसती मान हलवत राहिला. मग म्हणाला, "कडी काढली होती. मी डोळ्यांनी बघितलं. पोरगी आली नाही."

दार मोकळं होतं! काकीने म्हातारपणी जीव धोक्यात घातला, मुक्याने घातला, आणि तुला दहा पावलं टाकवेनात? काय झालं? ताईसाहेबांची माया आली? की दोन जोड कपडे मिळाले त्यातच भरून पावलीस? माशीचा राग येतो म्हणालीस ना. माशी तरी बाहेर जाते.

आता परत कुणाच्या पाया पडू?


वार माहीत नाही

दादा,

तुझं पत्र वाचलं. रागाव, तुझा हक्क आहे. पण काय झालं ते ऐकून मग रागाव.

कडी निघाली ती मी ऐकली. काकीने इतक्या हलक्या हाताने काढली की मी वाट बघत नसते तर कळलं नसतं. मग तिची पावलं लांब गेली. मी उठले. कात्री जागेवर ठेवली, सुई उशीत खोचली. आईसारखा मीही एक तुकडा बरोबर घेतला होता, काकीच्या पदराचा, तो कमरेला खोचला. दारापाशी गेले आणि उभी राहिले.

आणि उभीच राहिले, दादा.

दार उघडायची वाट बघत होते. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. कडी निघते, मग दार उघडतं, मग आपण बाहेर पडतो, जन्मभर हेच पाहिलेलं. इतकी जवळ उभी होते की लाकडाचा वास येत होता. अंगणात घोड्याने नाल आपटला. मुका खोकला, मुद्दाम खोकला, तेही कळलं. मी मनात म्हणत होते, आता उघडेल, आता उघडेल. मग गाडीची चाकं वाजली आणि लांब गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ते दार मीच ढकलायचं होतं.

तेव्हाही हात उठला नाही. तू म्हणशील, मग स्वयंपाकघराचं दार कशी उघडतेस? ते मी पाठीने ढकलते, हातात ताट असतं तेव्हा. ताटाला बाहेर जायचं असतं, मी त्याच्या मागून जाते. रिकाम्या हाताने मी एकही दार कधी उघडलेलं नाही. मोजून पाहायला गेले तर एकही निघालं नाही.

पुढे मालकीणबाईच आल्या. कडी निघालेली पाहून दचकल्या, आणि आत मी उभी. माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सगळ्यांना सांगितलं, "कडी राहून गेली होती, तरी पोरगी जागची हलली नाही. अशीच पाहिजे." रात्री मला ताटात जास्तीचं वाढलं. ते मी जेवले, भूक लागली होती. मग ओकले.

मला यायचं होतं रे. ताईसाहेबांची माया नाही, कपड्यांचा लोभ नाही. यायचंच होतं. पण आता मला दुसरीच भीती बसली आहे. बाहेरून कुणी कितीही कड्या काढल्या तरी मी आतच उभी राहणार असेन, तर माझं काय होणार?

तुझी मुंगी


२८ जानेवारी

माझे मुंगे,

मागच्या पत्रात जे लिहिलं ते विसर. विसरता आलं नाही तर मी समोर आल्यावर माझे कान धर.

तू विचारलं होतंस, मावशी माझं दार का उघडतात. मी उत्तर टाळलं. आता सांगतो.

इथली पहिली सकाळ. उजाडायच्या आत उठलो, सदरा घातला, दारापाशी गेलो. कडी आतल्या बाजूला, माझ्या छातीसमोर, आणि ती लावलेलीसुद्धा नव्हती. मी उभा राहिलो. शेजारच्या खोल्यांतली माणसं जिना उतरून कामावर गेली. खाली भांडी वाजायला लागली. मला लघवीला लागली होती, पाय जुळवून उभा होतो. शेवटी मावशी बघायला आल्या की नवा भाडेकरू मेला की काय. दार उघडून म्हणाल्या, "अरे, उभा काय राहिलास?" मी म्हणालो, "दार उघडायची वाट बघत होतो."

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिसऱ्या दिवसापासून त्या रोज येतात, दार उघडतात आणि निघून जातात. माझी बडदास्त ती हीच! चार महिने होत आले, मी ते दार सकाळी उघडलेलं नाही. संध्याकाळी बाहेरून येतो तेव्हा ढकलतो, पण आतून हात जात नाही. आणि ती कडी मी एकदाही लावलेली नाही. लावायला गेलो की वाटतं, कुणीतरी विचारेल, तुला कुणी परवानगी दिली? झोपतो तो डोळा उघडा ठेवून. जेवतो तो उभ्याने. मावशींनी खुर्ची पुढे केली की मी ती पुसून ठेवतो.

आपल्याला हे दार एकाच दिवशी शिकवलं, मुंगे. आईला नेलं त्या दिवशी. मी दारावर हात मारत होतो, आणि बाहेरून मालक म्हणाले, "दाराला हात लावलास तर तुझ्या बहिणीलाही नेईन." मी हात मागे घेतला, आणि तुझे हातही धरून ठेवले. तुला आठवत नाही, पण तुझ्या हातांना आठवतं. तेव्हा तुझा हात उठला नाही यात तुझा दोष नाही. तो मी धरून ठेवलेला आहे. आज सोडला, समज.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी झोपलो नाही. उजाडल्यावर मावशींच्या आधी दारापाशी गेलो. हात लावला. घाम फुटला, पण ओढलं. मावशी अर्ध्या जिन्यात होत्या. मला बघून तिथेच बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "चला, माझे गुडघे सुटले."

तेव्हा होतं. उशिरा होतं, पण होतं. आणि तुला रिकाम्या हाताने जमत नसेल तर रिकाम्या हाताने येऊ नकोस. हातात अभ्र्यांचा गठ्ठा घे. कामाला निघाल्यासारखी पाठीने ढकल. शरम कसली त्यात? मी तर दिवसभर उलटाच चालतो.

मुका परत यायला तयार आहे. त्याने काकीला विचारलं. आता ऐकतच नाही, बोलतच सुटला आहे.

दादा


मंगळवार (हे नक्की. चादरी वाळत आहेत)

दादा,

उद्या येते. हे पत्रही त्याच गाडीने येईल; मुका ते आधी तुझ्या हातात देईल.

ताईसाहेब रविवारी निघणार, म्हणून यापुढे बुधवार उरत नाही. दोन्ही जोड शिवून झाले. त्यातला एक अंगावर घालून येईन, प्रवासात टिकतील असेच शिवले आहेत.

काकीला म्हटलं, तूही चल. तर म्हणाली, "माझे पाय पोत्याखाली मावत नाहीत. आणि पोळी कोण भाजणार?" मग म्हणाली, "कडी जुनी आहे. आपोआप निघते. मागच्या खेपेला तर मालकीणबाईंनी स्वतःच बघितली." तिने हे सगळं आधीच ठरवून ठेवलं आहे. तिला काही होणार नाही असं ती म्हणते. मला खरं वाटत नाही, तिलाही वाटत नाही. ती माझे केस विंचरत बसली, आई गेल्यावर विंचरायची तसे.

गाडी रिकामी आली तर समज हात उठला नाही. रागावू नकोस, आणि वेशीत पोती उपसू नकोस. टोपी पडेल.

तुझी मुंगी


११ फेब्रुवारी (मावशींना विचारून)

दादा,

हे पत्र मुक्याकडून नाही, दाराच्या फटीतून येतंय. मुका तुला वेशीतून इकडे धाडेल तेव्हा तुझ्या पायाशी सापडेल. मी आत आहे.

गाडी ऊन असतानाच पोचली. मुक्याने घोडा पळवला, वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. म्हणून वेशीत तू नव्हतास. मुका इथवर घेऊन आला. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आधी जेवायला वाढलं, मग विचारलं कोण. मी सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली. मी बसून जेवले. तुला कळावं म्हणून लिहिते.

तू सांगितलंस तसंच केलं. कडी निघाली, काकीची पावलं गेली. मी अभ्र्यांचा गठ्ठा छातीशी धरला, दाराकडे पाठ केली आणि रेटलं. दार उघडलं. इतकं हलकं होतं ते! अंगणातून चालत गाडीपर्यंत आले तरी गठ्ठा हातातच. मुका म्हणाला, "ते ठेव." मी म्हटलं, कुठे ठेवू? तो म्हणाला, "कुठेही ठेव." मला कुठेही ठेवता येईना. परत गेले आणि पायरीवर नीट घडी करून ठेवले. काकी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे तिने काही पाहिलं नाही. तिच्या पदराचा तुकडा माझ्या मुठीत आहे. काकीचं काय झालं असेल हे मला आज माहीत नाही, पुढच्या बुधवारी मुका सांगेल. तोवर माझा आनंद पुरा होणार नाही, आणि व्हायलाही नको.

म्हणजे बघ, त्या दारातून अभ्रे बाहेर पडले आणि त्यांच्या मागून मी. त्याला मी दार उघडणं म्हणत नाही. ते काम अजून राहिलं होतं.

तुझी कडी पाहिली. दोन बोटं जाड नाही, एकच आहे. थापा मारतोस. मघाशी मी रिकाम्या हाताने ती लावली. मग काढली. मग लावली. इतक्या वेळा केलं की खालून मावशी ओरडल्या, "मोडशील गं!" आता ती लावलेली आहे. मी आत आहे, आणि कडी मी लावलेली आहे.

तेव्हा आता नीट ऐक. हे वाचून झालं की दार वाजव. मी विचारीन, कोण आहे. तू सांग. मग विचार, येऊ का. मी लगेच उघडणार नाही. जरा वेळ तशीच उभी राहीन, आतल्या बाजूला, हात कडीवर ठेवून. मग माझी मी उघडीन.

ढकलून बघू नकोस, उघडणार नाही. टोपी काढ आणि वाट बघ.

मुंगी